दाऊद मिस्त्रींनी बांधलेली पोरांची खोली

दाऊद मिस्त्री कुठल्याही खोलीत शिरले की आधी जमिनीवर बसायचे. खुर्ची पुढे केली तरी तिच्याकडे बघायचे नाहीत. थोडा वेळ बसून झालं की कधी कधी आडवेही व्हायचे, पोटावर हात ठेवून, आणि छताकडे, भिंतींकडे, दाराकडे बघत राहायचे. नव्याने पाहणाऱ्याला वाटायचं, माणसाला भोवळ आली. विचारलं तर म्हणायचे, "उभ्या माणसाला खोली कळत न्हाय. तो नुसता तिच्यातनं चालत जातो."

ही सवय त्यांना जन्मापासून नव्हती. ती ज्या दुपारी लागली त्या दुपारी मी तिथे होते, आणि ती लागायला जे घडलं त्यात माझाही हात होता.

एकोणीसशे तीसच्या आधीच्या दोन-तीन वर्षांतली ही गोष्ट. मुंबईत नर्सिंगचं शिक्षण संपवून मी आवळशेतला आले तेव्हा बावीस वर्षांची होते. लग्न होऊन वर्षभरातच नवरा गेला होता, आणि सासरी राहण्यापेक्षा नोकरी बरी असं माझ्या वडिलांनीच ठरवलं होतं. आवळशेत मांडव्याच्या दक्षिणेला, खाडीच्या तोंडाशी. आत भातशेती, बाहेर मिठागरं, आणि किनाऱ्याला लागून मुसलमानांचा मोहल्ला. मुंबईच्या एका शेठजींनी वडिलांच्या नावाने तिथे धर्मादाय दवाखाना बांधून दिला होता. एक लांबलचक दालन, त्यात दहा लोखंडी खाटा, समोर बिनछपराची ओटी, बाजूला डॉक्टरांची खोली. बायका, पुरुष, मुलं सगळे त्याच दालनात. मधे एक कापडी पडदा असायचा, तोही धुवायला गेला की नसायचा.

दाऊद मिस्त्री मोहल्ल्याच्या टोकाला राहायचे. मचवे आणि गलबतं अशी शिडाची जहाजं बांधणारा माणूस. उंच, किंचित वाकलेला, दाढी पांढरी होऊ घातलेली. त्यांच्या हातचा मचवा पाणी घेत नाही असं कोळीही म्हणायचे आणि व्यापारीही. दोन मुलगे मोठे होऊन मुंबईला गोदीत लागले होते. त्यांच्यानंतर बऱ्याच वर्षांनी झालेली एकुलती मुलगी जैनब, घरात जैनू. सहा वर्षांची. वडिलांबरोबर किनाऱ्यावर जायची आणि लाकडाच्या सालपटांत बसून राहायची, म्हणून तिच्या केसांना सागाचा वास यायचा. हे मला माहीत आहे, कारण ते केस मी विंचरले होते.

जैनूला न्यूमोनिया झाला आणि तिला दवाखान्यात आणलं. आमचा नियम असा होता की नातेवाइकांनी सकाळी एक तास आणि संध्याकाळी एक तास आत यायचं. एरवी ओटीवर बसायचं. नियम तिथल्या डॉक्टर दिघ्यांनी केला नव्हता, त्यांच्याही आधीचा होता. सगळीकडे तसाच असे. मुंबईच्या इस्पितळात मी तोच शिकून आले होते. जैनूची आई हलिमाबी पाच दिवस त्या ओटीवर बसून होत्या. जैनूच्या खाटेपासून दहा पावलांवर. पाचव्या दिवशी भर दुपारी जैनू गेली, आणि हलिमाबींना आत बोलावलं तेव्हा सगळं संपलेलं होतं.

चाळिसावा झाल्यावर एका दुपारी मिस्त्री दवाखान्यात आले. दालनात दोनच रोगी होते, दोघेही झोपलेले. मिस्त्रींनी वहाणा बाहेर काढल्या, मला काही न विचारता कोपऱ्यातल्या जैनूच्या खाटेपाशी गेले आणि तिच्यावर निजले. खाट तोकडी, गुडघे मुडपून घ्यावे लागले. मी जवळ गेले. 

"बाय," ते म्हणाले, "हितनं काय दिसतं ते म्हाईत हाय तुना?"

मी म्हटलं, "काय दिसणार मिस्त्री, छत."

"छत न्हाय दिसत. ते कपाट दिसतं."

समोरच्या भिंतीला काचेचं कपाट होतं. त्यात डॉक्टरांची हत्यारं ओळीने मांडलेली होती, चिमटे, कात्र्या, हाड कापायची करवत. मी रोज सकाळी ती पुसून चकचकीत करायचे आणि त्याचा मला अभिमान होता.

"खिडकी हाय ती माझ्या उंचीची," ते पुढे म्हणाले. "पोरीला तिच्यातनं आभाळाचा तुकडा दिसला असंल फकत. न् ते दार. दार बंद." मग उठून बसले. "त्या पाच दिसात हितनं दोन माणसं मेलेली नेली. पोरीच्या समोरनं. व्हय ना?"

मी मान हलवली. एक मिठागरावरचा म्हातारा आणि एक बाळंतीण. दोघांनाही त्याच मधल्या वाटेने, त्याच दारातून नेलं होतं. मुलगी जागी होती की झोपलेली, हे तेव्हा माझ्या मनातही आलं नव्हतं.

ते आठवड्याभराने पुन्हा आले ते डॉक्टर दिघ्यांना भेटायला. दवाखान्याच्या दक्षिणेला मोकळी जागा पडून होती. तिथे मुलांसाठी वेगळी खोली बांधायची असं त्यांनी सांगितलं. लाकूड एका मोडीत काढलेल्या गलबताचं, ते त्यांचंच. हातही त्यांचेच. डॉक्टरांनी फक्त शेठजींना पत्र लिहून हो म्हणवून घ्यायचं. डॉक्टर चांगला माणूस, पण थकलेला. आसपासच्या पंधरा-वीस गावांना तेच एक. ते म्हणाले, "खोली बांधा मिस्त्री, मी नको कशाला म्हणू? चार लहान खाटा करा म्हणजे झालं."

मिस्त्री जमिनीवर बसलेले होते. म्हणाले, "साहेब, होडी करताना मी मचवा कापून ल्हान करत न्हाय. होडीचा हिसाबच येगळा. तसं हे पोरांचं. मना आधी बघू द्या."

आणि मग त्यांचं ते बघणं सुरू झालं. मोहल्ल्यातली, आगऱ्यांची, कोळ्यांची मुलं ते किनाऱ्यावर गोळा करायचे. वाळूत निजवायचे आणि विचारायचे, काय दिसतं, कशाला भ्या वाटतं, आजारी पडल्यावर कोण जवळ हवं. जी मुलं कधी दवाखान्यात राहून गेली होती त्यांच्या घरी जायचे. मिस्त्रींना लिहिता येत नव्हतं, मुलांच्या उत्तरांच्या ते फळीवर खडूने खुणा करायचे. एक मुलगी म्हणाली, पांढऱ्या बाईची भीती वाटते. ती पांढरी बाई म्हणजे पांढऱ्या गणवेशातली मी. मिस्त्रींनी हे मला अगदी संकोचून सांगितलं. दोन दिवसांनी त्यांच्याबरोबर एक पुडकं आलं. हलिमाबींनी जुन्या लुगड्याचा, लाल-हिरव्या काठांचा, कमरेला बांधायचा एक एप्रन शिवला होता. हलिमाबी माझ्याशी बोलत नव्हत्या. जैनू गेली त्या दिवसापासून त्या रस्त्यात दिसल्या तरी मान वळवून जात. तरीही त्यांनी शिवला. डॉक्टर नसले की मी तो बांधायचे. पुढे डॉक्टर असतानाही बांधू लागले. त्यांनी एकदा बघितलं आणि पुढच्या खाटेकडे वळले.

खरा वाद झाला तो आयांवरून. मिस्त्रींनी प्रत्येक खाटेला लागून, खाटेइतक्याच उंचीची एक रुंद फळी काढली होती. आई निजली की तिचं तोंड मुलाच्या तोंडासमोर यावं, अशी. डॉक्टर म्हणाले, हे चालायचं नाही. गर्दी होते, घाण होते, बायका चोरून काहीबाही खायला घालतात, शिवाय घटसर्पासारख्या घशाच्या रोगाचं मूल असलं तर आईला लागण होईल आणि ती घरी जाऊन बाकीच्यांना देईल. यातलं काहीही खोटं नव्हतं. मी स्वतः तापातल्या मुलाला सुक्या मासळीचा तुकडा चोखताना पकडलं होतं.

मिस्त्रींनी सगळं ऐकून घेतलं. मग एवढंच म्हणाले, "माझी बिबी दहा पावलांवर बसली व्हती, साहेब."

डॉक्टर बराच वेळ टेबलावरचे कागद सारखे करत बसले. शेवटी म्हणाले, "फळ्या करा. पण घशाच्या रोगाची मुलं त्या खोलीत नाहीत. त्यांच्यापाशी कुणीही बसायचं नाही. ते मी मोडू देणार नाही."

"बरोबर हाय," मिस्त्री म्हणाले, आणि पुढचे पंधरा दिवस फळ्याच तासत राहिले. मग त्यांनी खोलीच्या टोकाला एक लहानशी वेगळी खोली काढली आणि तिच्या नि ओटीच्या मधल्या भिंतीत, जमिनीपासून हातभर उंचीवर, एक काचेची खिडकी बसवली. न उघडणारी. आई ओटीवर मांडी घालून बसली की तिचं तोंड आत निजलेल्या मुलाला दिसणार. काच मुंबईहून मचव्याने मागवली. पहिली वाटेत फुटली. दुसरी आणायला ते स्वतः गेले आणि गोधडीत गुंडाळून, मांडीवर घेऊन आले.

काम चाललेलं असताना एका दुपारी मी त्यांच्यापाशी जाऊन बसले. ते फळीवर रंधा मारत होते. मी म्हटलं, "मिस्त्री, मला तुम्हाला काही सांगायचंय. जैनू गेली त्या दिवशी ती आईला हाका मारत होती. तिचं रडणं ऐकून हलिमाबी उठून दारापर्यंत आल्या, आणि मी दार लावून घेतलं. आतून कडी घातली."

त्यांचा हात थांबला नाही. दोन-तीनदा रंधा सरकला. मग ते म्हणाले, "मना म्हाईत हाय. बिबीनं कडीचा आवाज ऐकला व्हता."

मला रडू आलं. त्यांनी रडू दिलं. माफ केलं असं ते म्हणाले नाहीत, आणि मीही ते मागितलं नाही. फळी उलटून ठेवत त्यांनी विचारलं, "दार लावल्याबिगर चालत न्हाय का? कुत्री येतात, ते सोड. आणखी कशासाठी लावता?" मी विचार केला आणि म्हटलं, कुत्र्यांशिवाय दुसरं कारण नाही. मग त्यांनी त्या खोलीला दारच केलं वेगळं. वरचा भाग उघडा, खालचा उभ्या पट्ट्यांचा, फटी ठेवलेल्या. कुत्रं आत येणार नाही, पण निजलेल्या मुलाला फटींतून ओटीवरचे पाय दिसतील, लुगड्याचा काठ दिसेल. कडी त्यांनी लावलीच नाही.

आणखी एक दार त्यांनी मागच्या बाजूला काढलं, थेट माडांच्या वाडीत उघडणारं. डॉक्टरांनी विचारलं, हे कशाला? मिस्त्री म्हणाले, "जे पोर जाईल ते हिकडनं न्या. बाकीच्यांच्या समोरनं नको."  बाकीच्या खोलीत त्यांनी रंधा मारून झालेल्या फळीवरून तीन-तीनदा तळवा फिरवला असेल. या दारावरून एकदाच फिरवला आणि बाजूला झाले.

खोली पुरी झाली. चार खाटा, खिडक्या गुडघ्याइतक्या उंचीवर, त्यांतून खाडी आणि ये-जा करणारी शिडं दिसायची. हात धुवायचं भांडं मुलांच्या कमरेइतकं खाली. हत्यारांचं कपाट नाहीच. पहिली आली ती मिठागरावरची एक आगऱ्याची मुलगी, पायावर उकळतं पाणी सांडलेली. पट्टी बदलताना ओरडायची, पण पट्टी झाली की आईच्या दंडाला धरून गलबतं मोजत पडायची. मिस्त्री रोज दुपारच्या नमाजानंतर यायचे आणि खोलीच्या मधोमध जमिनीवर बसायचे. मुलांशी फार बोलायचे नाहीत. कुणी विचारलंच, बाबा तू कोण, तर म्हणायचे, "मी सुतार. कुठं काय करकर वाजतं का बघायला आलोय."

खोलीने सगळी मुलं वाचवली असं मी सांगणार नाही. औषधं तीच होती, रोगही तेच. एका पावसाळ्यात घशाच्या रोगाची साथ आली. मुंबईहून त्यावरचं इंजेक्शन येईपर्यंत चार दिवस गेले, कारण समुद्र खवळलेला आणि मचवे बंद. आतल्या गावातल्या एका शेतकऱ्याचा पाच वर्षांचा मुलगा त्या काचेच्या खोलीत होता. त्याची आई अडीच दिवस ओटीवर, काचेला तोंड लावून बसली होती. तिच्या श्वासाने काच धुरकट व्हायची आणि ती पदराने पुसायची. मुलगा गेला. मागच्या दाराने नेला. जाताना ती बाई माझ्यापाशी थांबली आणि म्हणाली, "माज्याकडं बगत व्हता. शेवटपातूर बगत व्हता." मी ते मिस्त्रींना सांगितलं. ते म्हणाले, "बरं झालं." आणि मग, थोड्या वेळाने, "बरं काय त्यात," असं म्हणून उठून गेले.

चार वर्षांनी डॉक्टर दिघ्यांनी प्रकृतीपायी नोकरी सोडली. नवे डॉक्टर तरुण होते, हुशार होते. स्वच्छतेबद्दल फार काटेकोर. त्यांचं म्हणणं, लाकडात जंतू राहतात, आया म्हणजे रोगाची ने-आण, खिडक्या इतक्या खाली म्हणजे धूळ आत. त्यांनी शेठजींच्या मुलांना लिहिलं. जुने शेठजी तोवर वारले होते. उत्तर आलं, डॉक्टरांना योग्य वाटेल तसं करावं. फळ्या काढायच्या ठरल्या, लोखंडी खाटा यायच्या ठरल्या, आणि ती काचेची खिडकी बुजवायची ठरली. मी भांडले. नर्सने किती भांडावं याला तेव्हा मर्यादा होती, ती मी ओलांडली. उपयोग झाला नाही.

फळ्या काढायला मिस्त्रींनाच बोलावणं गेलं. मला वाटलं, येणार नाहीत. पण ते आले. मी म्हटलं, "तुम्ही कशाला आलात?" तर म्हणाले, "दुसरा कुणी काढंल तर तोडून काढंल." एक-एक खिळा उपसून, लाकडाला धक्का न लावता त्यांनी फळ्या सोडवल्या. खोलीत तेव्हा एकच मूल होतं, त्याला आम्ही दालनात हलवलं होतं. मिस्त्री नव्या डॉक्टरांवर रागावले नाहीत. जाताना एवढंच म्हणाले, "साहेब, ती काच मी न्हाय बुजवणार. गवंडी बघा." मग सवयीने खोलीच्या मधे बसायला वाकले, आणि बसले नाहीत. तसेच निघून गेले.

त्यानंतर ते दवाखान्याची पायरी चढले नाहीत. वर्षभराने छातीच्या दुखण्याने पडले तेव्हाही नाही. मी काम संपलं की त्यांच्या घरी जायचे, पाठ शेकायचे, औषध द्यायचे. हलिमाबी पाणी गरम करून आणायच्या, माझ्यासमोर ठेवायच्या आणि आत जायच्या. अजूनही बोलत नव्हत्या. मिस्त्री पडल्या पडल्या मला विचारायचे, दवाखान्यात किती पोरं हायत, कुणाच्या आया ओटीवर हायत. मी संख्या सांगायचे. ते डोळे मिटून घ्यायचे. पावसाळा सरता सरता एका सकाळी ते गेले. मुलगे मुंबईहून पोचायच्या आत मोहल्ल्याने त्यांना नेलं.

त्यांचा चाळिसावा झाल्यावर मी हलिमाबींना भेटायला गेले. माझी मुंबईला बदली ठरली होती. निरोप घ्यावा, दोन शब्द बोलावेत, त्यांनी मान वळवली तरी चालेल, असं ठरवून गेले. त्या पडवीत तांदूळ निवडत बसल्या होत्या. मी समोर बसले. त्यांनी सूप पाखडलं, दोन खडे वेचून टाकले.

मग त्यांनी वर न बघता विचारलं, "जैनू शेवटी काय बोलली?"

इतक्या वर्षांत हे मला कुणी विचारलं नव्हतं. मी म्हटलं, "मिस्त्रींनी कधी विचारलं नाही."

"तो कसा विचारंल? साऱ्या गावच्या पोरांना विचारत फिरला, त्याला ह्येच विचारवलं न्हाय. भ्यायचा. मी बी भ्याले." सूप त्यांनी बाजूला ठेवलं. "आता तो न्हाय. तू बी चाललीस. सांग."

मी सांगितलं. "तिनं पाणी मागितलं. मी चमच्यानं दिलं. दोन चमचे प्यायली. मग म्हणाली, अम्मीला पण दे, अम्मी उन्हात बसलीय."

हलिमाबी माझ्याकडे बघत होत्या. त्या दिवसानंतर पहिल्यांदाच त्यांनी माझ्या तोंडाकडे सरळ बघितलं असेल. त्यांचे डोळे कोरडे होते.

"दिलंस?" त्यांनी विचारलं.

मी म्हटलं, "नाही."